चढावर दम सोडणारी गाडी: आधी बिघाड पकडा, मग पाना उचला

प्रश्न थोडक्यात असा. २०१६ची १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, सीएनजी किट कंपनीतूनच बसून आलेलं, ८८ हजार किलोमीटर झालेले. घर कासारवडवलीला, नोकरी ऐरोलीला. आठवड्यातून दोन-तीनदा ऐरोलीच्या खाडीपुलाच्या चढावर, नाहीतर रविवारी वसईला जाताना गायमुखच्या घाटात गाडी एकदम दम सोडते. एक्सलरेटर तळाला टेकवला तरी काटा चाळिसाच्या पुढे सरकत नाही. दहा मिनिटं बाजूला उभी केली की पुन्हा ठणठणीत. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. गॅरेजमध्ये प्लग, एअर फिल्टर आणि पेट्रोलचा पंप बदलून झाला, फरक शून्य. आता प्लगला ठिणगीची वीज देणारी कॉइल बदलू की सेन्सर?

तूर्तास काहीच बदलू नका. गाडीने दम सोडला तेव्हा ती सीएनजीवर होती की पेट्रोलवर, हे आधी सांगायला हवं, आणि तेच प्रश्नात नाही. गाडी गॅसवर असताना इंजिनला लागणारं इंधन पेट्रोलचा पंप देतच नाही. बिघाड गॅसवरचा असेल, तर नवा पंप टाकून फरक पडणारच नव्हता.

म्हणून पहिली चाचणी बिनखर्चाची. टाकीत अर्ध्याच्या वर पेट्रोल भरा आणि आठवडाभर त्याच रस्त्याने, त्याच वेळेला, एसी चालू ठेवून फक्त पेट्रोलवर चालवा. पुढचा आठवडा फक्त सीएनजीवर. पेट्रोल अर्ध्याच्या वर हवं, कारण टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असला तरच थंड राहतो. सीएनजीवाले वर्षानुवर्षं काटा रिझर्व्हला ठेवून फिरतात. बऱ्याच बाहेरून बसवलेल्या किटमध्ये गॅसवर असतानाही पंप फिरत राहतो, आणि कोरड्यात तापून मरतो. शिवाय तळाशी उरलेलं पेट्रोल महिनोनमहिने शिळं होतं. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पावसाळ्यात पाणी शिरलं, तर इथेनॉल ते पाणी घेऊन खाली बसतं आणि पंपाची जाळी नेमकी तिथूनच ओढते.

सीएनजीच्या आठवड्यात चेंजओव्हर स्विचवर, म्हणजे गॅस की पेट्रोल हे दाखवणाऱ्या बटणावर, लक्ष ठेवा. गॅसचा दाब एका मर्यादेखाली गेला की किट आपणहून पेट्रोलवर जातं. पुष्कळदा ‘गाडी ओढत नाही’ ही तक्रार नेमकी त्या क्षणाची असते: चढावर गॅस कमी पडला, सिस्टिम पेट्रोलवर गेली, आणि पेट्रोलचे इंजेक्टर वापराविना चिकटलेले. चालकाला एवढंच कळतं की गाडी मेली. स्विचवरच्या दिव्याचा रंग बदलला की नाही एवढं पाहिलं, तरी निम्मं काम झालं.

आता गाडी नेमकी कशी मरते ते बघू. आरपीएमचा काटा इथे कुठल्याही मशीनइतका उपयोगी आहे. गाडी गिअरमध्ये पळतेय आणि काटा एका झटक्यात शून्यावर पडला, तर इंजिनचा सिग्नल गेला. क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा), मेन रिले किंवा इग्निशनचा सप्लाय. गरम झालेला क्रँक सेन्सर बंद पडून थंड झाल्यावर पुन्हा चालू होणं हा जुनाच रोग आहे, पण त्यात गाडी पूर्ण बंद पडते. चाळीसवर रखडत चालत नाही. त्यामुळे या तक्रारीत तो माझ्या यादीत बराच खाली.

काटा वर चढतोय आणि वेग वाढत नाही, तर इंजिन निर्दोष आहे, क्लच घसरतोय. गाडी झटके मारतेय, बॉनेट थरथरतंय, मधूनच चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय, तर मिसिंग, म्हणजे इंजिनच्या एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. लुकलुकणारा दिवा दिसला की रेस सोडा. न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या कॅटमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये) जाऊन पेटतं आणि एका कॉइलचा खर्च कॅटवर जातो. चौथा प्रकार म्हणजे झटके नाहीत, आवाज नाही, फक्त मागून कुणीतरी दोरी धरून ठेवल्यासारखी गाडी जड होते. तुमचं वर्णन या चौथ्यात बसतं. त्यात इंधन किंवा हवा कमी पडणं, धूर बाहेर न निघणं, थ्रॉटल (इंजिनकडे जाणाऱ्या हवेची झडप) न उघडणं आणि ब्रेक धरून ठेवणं एवढ्याच गोष्टी येतात.

ब्रेकचं लगेच उरकून टाका. गाडीने दम सोडला की बाजूला उभी करून चारही चाकांच्या रिमजवळ हाताची मागची बाजू न्या, डिस्कला हात लावू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा भट्टीसारखं तापलेलं असेल, तर कॅलिपरची, म्हणजे डिस्क पकडणाऱ्या भागाची, पिन अडकली आहे. गाडी थांबल्यावर कॅलिपर थंड होतो, सुटतो, आणि दहा मिनिटांनी ‘आपोआप’ बरं वाटतं. इंजिन उघडून बसलेली कितीतरी गॅरेजं इथे फसतात.

दहा मिनिटांत बरी होणाऱ्या गाडीवर पहिला संशय कुणावर? बिघाड फक्त गॅसवर येत असेल, तर रिड्यूसरवर, म्हणजे गॅसचा दाब उतरवणाऱ्या भागावर. सिलिंडर पूर्ण भरलेला असताना आत सुमारे २०० बार दाब असतो, इंजेक्टरच्या रेलमध्ये (इंजेक्टरना इंधन वाटणाऱ्या नळीत) जेमतेम दोनेक बार. एवढा दाब उतरताना गॅस प्रचंड थंड होतो. रिड्यूसर गोठू नये म्हणून त्यातून इंजिनचा गरम कूलंट फिरवलेला असतो. कूलंट कमी झाला, बदलताना हवा अडकली, किंवा थर्मोस्टॅट कायमचा उघडा राहून इंजिन तापतच नसलं, की रिड्यूसरला ऊब मिळत नाही. सपाट रस्त्यावर गॅस थोडा लागतो, तेव्हा निभावतं. गायमुखच्या चढावर मागणी वाढते, आतला पडदा आणि व्हॉल्व्ह आखडतात, रेलचा दाब घसरतो. गाडी उभी केली की इंजिनची उष्णता रिड्यूसरपर्यंत पोचते, सगळं मोकळं होतं आणि गाडी पुन्हा पळते.

हे पकडायला स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड आणि आकडे वाचणारं यंत्र) लागत नाही. गाडीने दम सोडला की इंजिन बंद करून लगेच बॉनेट उघडा. रिड्यूसर म्हणजे मुठीएवढा अॅल्युमिनियमचा गोळा, सिलिंडरकडून आलेली स्टीलची बारीक नळी त्यात शिरते. त्यावर दव जमलेलं असेल, मे महिन्यात पांढरा बर्फाचा थर असेल, तर निदान झालं. मग कूलंटचे दोन्ही होस चाचपून पाहा. दोन्ही गरम हवेत. एक गरम आणि दुसरा गार, म्हणजे आत प्रवाह नाही. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा अगदी मधोमध असताना हे होऊ शकतं, कारण इंजिनला पुरेसं पाणी मिळतं, रिड्यूसरच्या फाट्यात तेवढी हवा अडकलेली असते. इंजिन गार असताना हवा काढायची आणि लेव्हल पूर्ण करायची. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका.

रिड्यूसर गरम निघाला, तर सीएनजीचा फिल्टर. सीएनजी पंपावरच्या कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर थोडंथोडं येतं आणि फिल्टरमध्ये काळं चिकट होऊन बसतं. साधारण १५ ते २० हजार किलोमीटरला तो बदलायचा असतो. किटच्या पुस्तिकेत असलेला आकडा पाळा. ८८ हजारांत तो एकदाही बदलला नसेल, तर पुढचं वाचायच्या आधी तो बदलून घ्या. फिटरकडे लॅपटॉपवर किटचं सॉफ्टवेअर असतं. त्याला गाडीत बसवून चढावर न्या आणि रेलचा दाब बघायला सांगा. रेस दिल्यावर दाब क्षणभर हलून जागेवर यायला हवा. तो सरळ खाली घसरत गेला, तर फिल्टर, रिड्यूसरचा पडदा किंवा सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) दर तीन वर्षांनी असते, ती जवळ आली असेल तर व्हॉल्व्ह त्याच वेळी तपासून घ्या. गॅसच्या नळीचा एकही जॉइंट स्वतः सोडू नका. २०० बारवर चूक सुधारायची संधी मिळत नाही.

इथे एक मेख आहे. बिघाड फक्त गॅसवर आला म्हणजे दोष गॅसच्याच भागात, असं धरून चालू नका. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल थकली की पहिली तक्रार गॅसवरच येते, पेट्रोलवर ती आणखी काही महिने रेटते. प्लग बदलले तेव्हा गॅप, म्हणजे टोकांमधली फट, किती ठेवला हे विचारलं का? पेट्रोलला १.० ते १.१ मिलिमीटर चालतो, सीएनजीवर ०.७ ते ०.८ ठेवतात. डब्यातून काढून तसेच बसवलेले नवे प्लग गॅसवर चढावर मिसिंग करतील. गॅप मोजायचं फीलर गेज शंभर-दोनशे रुपयांना मिळतं.

कॉइल तपासायची तर एक नंबरची तीनवर आणि तीनची एकवर टाका, आणि पुन्हा मिसिंग होईपर्यंत चालवा. आधी स्कॅनरवर पी०३०१ (इंजिनच्या एक नंबर सिलिंडरचं मिसिंग) कोड येत होता आणि आता पी०३०३ (तीन नंबरचं) आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला. ती एकच बदला. कोड एकवरच राहिला, तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. गार कॉइलचा रेझिस्टन्स मोजून ‘ओके आहे’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका. बिघाड गरम झाल्यावर येतो, मग मोजमापही गरम असतानाच हवं. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी उभी काळसर रेघ दिसली, तर ठिणगी बाहेरून पळतेय. मग प्लग आणि त्यावर बसणारा कॉइलचा रबरी बूट दोन्ही बदलायचे. नुसता प्लग बदलला, तर बुटातली रेघ नव्या प्लगवर परत उमटते.

बिघाड दोन्ही इंधनांवर येत असेल, तर स्कॅनर हवाच. गाडीच्या ओबीडी (तपासणीच्या) सॉकेटमध्ये बसणारा साधा ब्लूटूथ अडॅप्टर आणि फोनमधलं अॅप पुरतं. दिवा लागत नाही म्हणजे कोड नाही, असं नसतं. एकदाच घडलेला दोष ‘पेंडिंग’ म्हणून नोंदला जातो, दिवा त्यानंतर लागतो. आणि स्कॅन करायच्या आधी कुणालाही बॅटरीची वायर काढू देऊ नका. कोड, बिघाडाच्या क्षणाची नोंद, इंधनाची शिकलेली दुरुस्ती, सगळं पुसलं जातं.

स्वस्त अडॅप्टर हळू वाचतो, म्हणून सहाच आकडे निवडा: आरपीएम, एक्सलरेटर पेडल, थ्रॉटल, मॅनिफोल्डचा (थ्रॉटलनंतर इंजिनमध्ये जाणाऱ्या हवेचा) दाब, धुरातला पुढचा ऑक्सिजन सेन्सर आणि व्होल्टेज. रेकॉर्डिंग सुरू करून फोन डब्यात ठेवा, चालवताना बघू नका. ही चाचणी पेट्रोलवर करा, आकडे स्वच्छ येतात.

पेडल ८० टक्के आणि थ्रॉटल १५-२० वरच अडकलेला, तर इंजिनचा कॉम्प्युटर स्वतःच ताकद रोखतोय. पेडलमध्ये किंवा थ्रॉटल बॉडीत दोन-दोन सेन्सर असतात, त्यांचं जमलं नाही की तो सावध होतो, पी२१३५ सारखा कोड ठेवतो आणि पुष्कळदा इग्निशन बंद-चालू केल्यावर सगळं विसरतो. तुम्ही थांबल्यावर गाडी बंद करता का? पुढच्या वेळी चालूच ठेवून दहा मिनिटं थांबा. तरीही बरी झाली, तर हा मुद्दा बाजूला पडतो. नुसती बंद-चालू केल्यावर लगेच बरी झाली, तर इथेच शोधा. पण थ्रॉटल बॉडी साफ केली, तर त्यानंतर स्कॅनरने आयडल (रेस न देता इंजिन फिरण्याचा वेग) पुन्हा शिकवून घ्यावं लागतं, नाहीतर सिग्नलला गाडी बंद पडायला लागते.

थ्रॉटल पूर्ण उघडा असताना मॅनिफोल्डचा दाब ठाण्यासारख्या समुद्रसपाटीच्या गावात १०० किलोपास्कलच्या जवळ जायला हवा. तो ८०-८५ वरच राहिला, तर हवा आत येतानाच कोंडतेय. दाब ९५ च्या वर, पण ऑक्सिजन सेन्सर ०.१-०.२ व्होल्टवर पडून राहिलेला, तर इंधन कमी पडतंय. जोरात रेस असताना तो ०.८ च्या वर हवा. मात्र मिसिंगमध्येही न वापरलेला ऑक्सिजन बाहेर येतो आणि सेन्सर तसाच खाली जातो, म्हणून गाडी झटके मारत होती का हे इथे पुन्हा आठवा.

इंधन कमी पडतंय असं ठरलं, तर पेट्रोलच्या रेलचा दाब गेजवर मोजायचा. या जातीच्या गाड्यांत तो साधारण ३ ते ४ बार असतो, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. आयडलला बरोबर आणि रस्त्यावर लोडमध्ये घसरतो, तर टाकीतली जाळी. तिथला गाळ ओढला जाऊन जाळीला चिकटतो, पंप थांबला की खाली पडतो, आणि गाडी दहा मिनिटांत बरी. पंप बदलताना जाळीही नवी टाकली का, टाकी धुतली का, हे विचारा. जुन्या गाळात नवा पंप ठेवला असेल तर पैसे पाण्यात गेलेत. पंपाच्या कपलरवर इंजिन चालू असताना व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्धा व्होल्टहून जास्त कमी असेल, तर रिले, कपलर किंवा अर्थिंग.

आणि आकडे सगळे सुरेख, तरी गाडी ओढत नाही? मग कॅट. हवा आत यायला तयार आहे, धूर बाहेर निघत नाही. आतली जाळीदार वीट तुटली, की तुकडा कधी आडवा होतो, कधी सरळ, त्यामुळे हाही बिघाड येऊन-जाऊन असू शकतो. न्यूट्रलमध्ये २५०० आरपीएम मिनिटभर धरा. मॅनिफोल्डचा दाब आयडलला ३० ते ४० असतो, तो इथे स्थिर राहायला हवा. हळूहळू चढत गेला, तर धुराची वाट बंद आहे. खात्रीसाठी पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे गेज लावतात: २५०० ला ३ पीएसआयच्या वर म्हणजे कॅट गेलं. पण कॅट स्वतःहून क्वचितच मरतं. आधी मिसिंग किंवा तेल जाळणं थांबवा, नाहीतर नवंही तसंच जाईल.

वायरिंगबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडे ते सांगावेच लागतात. पोडियम पार्किंगमध्ये पावसाळ्यात उंदीर-घुशी बॉनेटखाली येतात. अर्धवट कुरतडलेली वायर गार असताना जोडलेली, तापून-हलून सुटलेली. इंजिन आयडलला ठेवून हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने हलवा आणि स्कॅनरवर कुठला आकडा उडी मारतो ते पाहा. पट्टा, पंखा आणि बाही यांचं भान ठेवा. खाडीकाठच्या हवेत अर्थिंगची टोकं हिरवी पडतात. स्टार्टर फिरत असताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकपर्यंत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. असला, तर पट्टी काढून घासून घट्ट बसवा.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात: आधी डिझेल फिल्टर आणि त्यातलं पाणी, मग रेलचा मागितलेला आणि मिळालेला दाब यातला फरक, मग टर्बो ते इंटरकूलरचा होस. होसच्या क्लिपपाशी तेलकट धूळ दिसली, तर तिथूनच हवा सुटतेय. पी००८७ इंधनाकडे बोट दाखवतो, पी०२९९ टर्बोच्या हवेकडे.

निदान होईपर्यंत घोडबंदरच्या कंटेनरांच्या रांगेत उजव्या लेनमध्ये राहू नका. दम सुटल्यासारखा वाटला की लगेच चारही इंडिकेटर लावून डावीकडे घ्या. इंजिन बंदच पडलं, तर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांपुरताच उरतो, म्हणून ब्रेक पंप न करता एकदाच दाबून धरा. चावी पूर्ण बाहेर काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. गॅसचा वास आला, तर सगळ्यांना उतरवा आणि सिलिंडरवरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करा.

तुमच्या गाडीत मी या क्रमाने जाईन: स्विचचा दिवा, चाकांची ऊब, रिड्यूसरवर हात, सीएनजी फिल्टर, प्लगचा गॅप, कॉइलची अदलाबदल. इथपर्यंत मोठा खर्च फिल्टरचाच. त्यानंतर रेकॉर्डिंग, आणि ते जे दाखवेल तेवढंच. गॅरेजला जाताना कागदावर लिहून न्या: तारीख, वेळ, कुठला चढ, कितवा गिअर, किती आरपीएम, कुठलं इंधन, टाकीत पेट्रोल किती, एसी चालू की बंद, पाऊस होता का. आणि मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच पुलावर न्या. गॅरेजच्या दारात उभ्या गाडीला रेस देऊन हा बिघाड कधी दिसणार नाही.

काम झाल्यावर जुना पार्ट मागून घ्या. मग एसी लावून, चार माणसं बसवून गायमुखचा चढ तीनदा चढा, दोनदा गॅसवर, एकदा पेट्रोलवर, आणि घरी येऊन पेंडिंग कोड पुन्हा वाचा.